बालआसन, मोटारीतील

मोटारीच्या आसनावर बसवले जाणारे आणि अपघाताच्या वेळी लहान मुलाला जागच्या जागी धरून ठेवणारे साधन. मोटारीतील पट्ट्याची रचना प्रौढ माणसाचे खांदे आणि कमरेचे हाड गृहीत धरून केलेली असते. लहान मुलाच्या अंगावर तोच पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो आणि जोराचा धक्का बसला की त्यानेच इजा होऊ शकते. त्यामुळे आसन निवडताना वयापेक्षा उंची, वजन आणि बांधा यांना अधिक महत्त्व असते.

तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एकचतुर्थांश असते आणि मानेच्या मणक्यांत कूर्चेचे प्रमाण बरेच असते. समोरून टक्कर झाल्यास पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांमुळे अडते, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. बाळाचे तोंड मागे असेल, तर हाच जोर आसनाच्या पाठीमार्फत डोके, मान आणि पाठीवर विभागला जातो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अशा आसनाचा नमुना तयार केला. संयुक्त राष्ट्रांच्या १२९ क्रमांकाच्या नियमानुसार १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड असणे बंधनकारक आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये वयाची अट काढून, त्या आसनाची वजन-उंचीची कमाल मर्यादा गाठेपर्यंत मुलाला तसेच बसवावे, अशी शिफारस केली. पाय आखडतात म्हणून पालक घाईने आसन फिरवतात. वास्तविक मूल मांडी घालून आरामात बसते. आसन अपुरे पडू लागल्याची खरी खूण पाय नसून डोके आहे: ते आसनाच्या वरच्या कडेला टेकू लागले, की पुढच्या आसनाचा विचार करावा.

त्यानंतर पुढे तोंड असलेले, पाच ठिकाणी अडकणाऱ्या पट्ट्यांचे आसन येते. तोंड मागे असताना खांद्यावरचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून, तर तोंड पुढे असताना त्याच पातळीवरून किंवा किंचित वरून निघाले पाहिजेत. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे असे समजावे. जाड कोटावरून आवळलेला पट्टा घट्ट भासतो, पण धक्क्याने कोट दबतो आणि तेवढीच ढिलाई उरते.

या पट्ट्यांची मर्यादा ओलांडल्यावर बूस्टर, म्हणजे मुलाला उंचावर बसवणारी बैठक, वापरतात. तो मुलाला उंच करतो, धरून ठेवण्याचे काम मोटारीचा पट्टाच करतो. म्हणून संपूर्ण प्रवासात नीट बसण्याइतकी समज मुलाला यायला हवी. पाठ टेकून बसल्यावर गुडघे आसनाच्या कडेवर दुमडतात, खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या भागावर आणि तिरका पट्टा खांद्याच्या मध्यावर येतो, तेव्हा बूस्टरची गरज संपते. साधारणतः १४५ ते १५० सेंमी उंचीला ही स्थिती येते.

आयसोफिक्स खुंट्यांनी (मोटारीच्या आसनातच बसवलेल्या धातूच्या कड्यांत अडकणाऱ्या) किंवा मोटारीच्या पट्ट्याने आसन बसवता येते. दोन्ही पद्धती योग्य रीतीने वापरल्यास सुरक्षित आहेत, मात्र निवडलेले आसन त्या मोटारीत प्रत्यक्ष बसवून पाहणे आवश्यक ठरते, कारण महागडे आसनही उताराच्या गादीवर डगमगू शकते. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवल्यास ते अडीच सेंमीपेक्षा जास्त सरकू नये. समोरची एअरबॅग चालू असताना त्या जागी मागे तोंडाचे आसन कदापि ठेवू नये. जोराच्या अपघातातून गेलेले, मुदत संपलेले किंवा पूर्वेतिहास ठाऊक नसलेले जुने आसन, बाहेरून धडधाकट दिसले तरी, वापरू नये.