केस तेच, रंगाचे नाव वेगळे

ब्रिटनमधल्या 'यूके बायोबँक' या आरोग्य-संशोधन प्रकल्पात २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयोगटातले सुमारे पाच लाख लोक सामील झाले. त्यांना पडद्यावर विचारलेल्या असंख्य प्रश्नांपैकी एक होता : तुमच्या केसांचा नैसर्गिक रंग कोणता? केस पिकले असतील तर पिकण्याआधीचा रंग सांगा. पर्याय मोजकेच होते. सोनेरी, लाल, फिकट तपकिरी, गडद तपकिरी, काळा आणि इतर.

२०१८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या आणि रॉटरडॅमच्या संशोधकांनी ही उत्तरे आणि एका खासगी जनुक-चाचणी कंपनीच्या ग्राहकांची उत्तरे एकत्र अभ्यासली. युरोपीय वंशाच्या जवळपास तीन लाख लोकांच्या माहितीतून केसांच्या रंगाशी संबंध असलेली शंभराहून अधिक जनुकस्थाने हाती लागली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांच्या केसांचा रंग लक्षणीयरीत्या फिकट नोंदला गेला होता.

स्त्रियांचे केस खरोखर फिकट असतात, की त्या फिकट रंगाचे नाव निवडतात? नुसत्या उत्तरावरून हे कळत नाही, कारण त्यात केसातले रंगद्रव्य, बघणाऱ्याचा डोळा आणि त्याच्या तोंडी असलेले शब्द एकमेकांत मिसळलेले असतात.

रंगद्रव्यापासून सुरुवात करू. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी दोन प्रकारचे मेलॅनिन तयार करतात. युमेलॅनिन काळे-तपकिरी असते, तर फिओमेलॅनिन तांबूस-पिवळे. त्यांचे प्रमाण आणि एकूण साठा यांवर रंग ठरतो, आणि तो सलग बदलत जातो. 'फिकट तपकिरी' कुठे संपला आणि 'गडद सोनेरी' कुठे सुरू झाला याची रेघ निसर्गात नाही. काळ्याभोर किंवा लालभडक केसांबद्दल म्हणूनच कुणाचे दुमत होत नाही. वाद होतो तो मधल्या पट्ट्यात, आणि युरोपातल्या लोकांचे केस मोठ्या संख्येने याच पट्ट्यात मोडतात.

आता डोळा. लाल-हिरव्या रंगांत गल्लत करणारे रंगांधत्व उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का आढळते. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे ते एकच असते, म्हणून हा फरक. अशा पुरुषाला केसांतली तांबूस झाक किंवा रंग बिघडल्यावर येणारी हिरवट झाक दिसतच नाही असे होऊ शकते. उरलेल्यांतही बारीक फरक आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजमधील इस्राएल अब्रामोव्ह यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की वर्णपटाच्या बऱ्याच भागात तीच रंगछटा दिसण्यासाठी पुरुषांना किंचित जास्त तरंगलांबीचा प्रकाश लागतो. मात्र तो प्रयोग शुद्ध, एकाच तरंगलांबीच्या प्रकाशावर होता. केसांचा रंग मंद आणि मिश्र असतो. इतक्या लहान फरकाने 'तपकिरी'चे 'सोनेरी' होईल असे मानायला आधार नाही.

शब्दांचे पारडे जड आहे. १९७७ मध्ये इलेन रिच यांनी लोकांना रंगीत कार्डे दाखवून नावे विचारली. स्त्रियांनी अधिक बारीक छटांची नावे दिली. तरुण पुरुष वयस्क पुरुषांच्या पुढे होते. त्या अभ्यासात कॅथलिक जोगिणींचाही एक गट होता. या जोगिणी पुरुषांच्या पुढे पण इतर स्त्रियांच्या मागे राहिल्या. म्हणजे कपडे, प्रसाधने आणि खरेदी यांतला सरावही शब्दसंपत्ती घडवतो. २०१० मध्ये व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी इंटरनेटवर दोन लाखांहून अधिक सत्रांत सुमारे पन्नास लाख रंगांची नावे गोळा केली. मूळ नावांवर स्त्री-पुरुषांचे बहुतांशी एकमत होते. स्त्रिया 'फिकट', 'मळकट' अशी विशेषणे थोडी जास्त लावत होत्या, एवढेच.

एक कारण मात्र सहसा कुणी मोजत नाही : केसांची लांबी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ३६ सेंटिमीटर लांब केसाचे टोक तीन वर्षांचे असते. तेवढा काळ ऊन लागून त्यातल्या मेलॅनिनचे रासायनिक विघटन होते आणि टोक फिकट, तांबूस होते. तीन सेंटिमीटर केस ठेवणारा माणूस फक्त गेल्या तीन महिन्यांचे, मुळाजवळचे गडद केस पाहतो. वेणी पुढे घेऊन बघणारी स्त्री खरे तर टोके बघत असते. दोघेही प्रामाणिक आहेत, पण वेगवेगळ्या वयाचे केस बघून उत्तर देत आहेत. त्यात वर्षानुवर्षे केस रंगवणाऱ्या व्यक्तीला स्वतःचा मूळ रंग आठवून सांगायचा असेल, तर गोंधळ आणखी वाढतो.

हे धागे सुटे करायचे तर प्रयोग असा रचावा लागतो. सारख्याच जाडीच्या, धुऊन पूर्ण वाळवलेल्या दहा-बारा बटा घ्याव्यात, कारण ओला किंवा तेलकट केस गडद दिसतो. त्या करड्या पुठ्ठ्यावर लावून खिडकीजवळ, पण थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात ठेवाव्यात. पिवळ्या बल्बखाली सगळ्या तपकिरी छटा तांबूस होतात. सहभागी व्यक्तींची आधी इशिहारा तक्त्यांवर रंगांधत्वाची चाचणी घ्यावी. मग तीन कामे द्यावीत. पहिले, रंगाचे नाव स्वतःच्या शब्दांत सांगणे. दुसरे, बट क्रमांकाच्या शेड कार्डाशी, म्हणजे रंगछटांच्या नमुन्यांच्या कार्डाशी, जुळवणे. तिसरे, तीन बटांतली वेगळी ओळखणे. क्रम बदलू नये. शेड कार्ड आधी दाखवले तर त्यावरचीच नावे तोंडी येतात. नावे वेगळी पण जुळवणी सारखी आली, तर फरक शब्दांचा. तिसऱ्या कामातही फरक आला, तरच नजरेचा विचार करावा. आणि स्वतःच्या केसांबद्दल विचारायचे असेल, तर बघायची जागा ठरवून द्यावी : डोक्याच्या मागच्या भागातली, वरची बट बाजूला करून आतली, मुळापासून दोन सेंटिमीटरपर्यंतची. उत्तराच्या जोडीला त्याच जागी स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्राने, मोजणी केली, तरच फिकटपणा केसात आहे की नावात हे सांगता येते.

सलूनमध्ये ही अडचण रोजची आहे, म्हणून तिथे क्रमांक आले. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. या व्यावसायिक मापात ६ क्रमांकाला 'गडद सोनेरी' म्हणतात, पण बहुतेक लोक तो बघून 'फिकट तपकिरी' म्हणतील. उलट, कुणी 'मिडियम ब्राउन' मागितला आणि कार्डावरचा तोच, म्हणजे ४ क्रमांक लावला, तर घरातल्या उजेडात तो जवळजवळ काळाच दिसतो आणि तक्रार येते. क्रमांकातल्या टिंबानंतरचा आकडा (जसे ६.२ मधला २) झाक सांगतो, पण तो सगळ्या कंपन्यांत एक नसतो. एकीकडे २ म्हणजे जांभळट, तर दुसरीकडे हिरवट. कंपनी बदलताना जुना क्रमांक तसाच सांगितला की रंग फसतो.

आपल्याकडे बहुतेकांचे केस १ ते ३ या क्रमांकांतले, त्यामुळे मूळ रंगाबद्दल स्त्री-पुरुषांत फारसा वाद नाही. मतभेद पिकलेल्या केसांपाशी सुरू होतात. करडा केस म्हणून वेगळा केस सहसा नसतो. जवळजवळ रंगहीन केस काळ्यांत मिसळले की डोके करडे दिसते. त्यावर नुसती मेहंदी लावली की पांढरे केस नारिंगी होतात आणि काळ्यांवर उन्हात दिसेल एवढीच लालसर झाक येते. एकाच डोक्याला कुणी 'लाल' म्हणेल, कुणी 'काळे'. ६ टक्के डेव्हलपरबरोबर (रंगात मिसळायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणाबरोबर) फिकट शेड वापरली तरी असेच होते, कारण त्या तीव्रतेला काळे केस एक-दोन पातळ्याच उजळतात आणि पांढरे केस मात्र डब्यावरचा पूर्ण रंग घेतात. म्हणून सलूनमध्ये रंगाचे नाव न सांगता तीन गोष्टी सांगाव्यात : मुळाशी आताचा क्रमांक किती, पांढरे केस साधारण किती टक्के, आणि मागच्या वेळी काय व कधी लावले होते.