उन्हाळी माळवे (कोल्हापूर)

उन्हाळी माळवे : कोल्हापूर परिसरात शिमग्याच्या सुमारापासून मृगाच्या पावसापर्यंत शेतातून तोडून, शक्यतो दुसऱ्या पहाटेच्या आत बाजारात आणला जाणारा भाजीपाला व वेलवर्गीय फळे. भेंडी, गवार, काकडी, दोडका, वांगी, टोमॅटो, हिरवी मिरची व कलिंगड ही यातील नेहमीची पिके. हापूस आंबा याच दिवसांत पेठेत असतो; पण तो कोकणातून घाट चढून येतो, म्हणून येथे विचारात घेतलेला नाही.

या पिकांचा आधार नदीचे पाणी हाच आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या पाण्याने पंचगंगा बनते. प्रयाग चिखलीजवळून पुढे वाहत ती नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. काठची मळीची जमीन कसदार असली, तरी उन्हाळ्यात ती पिकते ती कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्याच्या खांबांमधील खाचांत बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढतात. ऊस तुटून गेल्यावर खोडवा (बुडख्यांपासून फुटणारे पुढचे पीक) न राखता मोकळ्या झालेल्या रानात, किंवा उसातच आंतरपीक म्हणून, माळवे करतात. धरणातील साठा घटला की पाटबंधारे खाते काही दिवसांची उपसाबंदी (नदीतून पाणी उपसण्यास मनाई) लावते. त्याचा फटका उसापेक्षा माळव्याला अधिक बसतो, कारण उसाला पाण्याची पाळी लांबलेली सोसते, काकडीला सोसत नाही. ताण व उष्णता एकत्र आल्यास काकडीत कुकुरबिटासिन ही कडू द्रव्ये वाढतात व माल परत येतो.

कलिंगडाच्या मूलस्थानाबद्दल मतभेद आहेत. गोड कलिंगड दक्षिण आफ्रिकेतील कलहारी प्रदेशातील रानटी फळापासून आले, असे मत दीर्घकाळ रूढ होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने सुदानमधील कोर्दोफान फळ त्याचे सर्वांत जवळचे नातलग ठरविले. ईशान्य आफ्रिकेच्या बाजूने असलेला हा निष्कर्ष अधिक पटण्याजोगा वाटतो; ईजिप्तमधील तुतनखामेनच्या थडग्यात कलिंगडाच्या बिया सापडल्या आहेत, हेही त्याच्याशी जुळते. भारतात हे फळ साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात पोहोचले असावे, असे मानतात. खरबुजाबाबत केवळ आफ्रिकी उगमाचा जुना आग्रह आता टिकत नाही. २०१९ च्या जनुकीय अभ्यासानुसार ते तीनदा स्वतंत्रपणे लागवडीखाली आले, त्यांपैकी दोनदा भारतात. काकडी मात्र हिमालयाच्या पायथ्याची, यावर फारसे दुमत नाही. मिरची व टोमॅटो ही अमेरिका खंडातील पिके असून पोर्तुगीज संपर्कानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे ती पसरली.

तोडणी : भेंडीचा तोडा एक दिवसाआड घ्यावा लागतो. फूल उमलल्यापासून पाच-सात दिवसांत शेंग तोडणीस येते. टोक वाकवताच कट्‌कन तुटले तर ती कवळी, नुसतेच वाकले तर निबर. निबर शेंगा झाडावर राहिल्यास नवी फूलधारणा मंदावते, म्हणून विकण्याजोग्या नसल्या तरी त्या काढून टाकतात. लवेमुळे हात खाजतात, त्यासाठी मोजे घालतात. शेंगांच्या शिरा चेमटल्या की सायंकाळपर्यंत काळ्या पडतात; पोत्यात दाबून भरलेला माल त्यामुळेच मागे पडतो. गवारीत मजुरीच अधिक लागते. शेंगा बारीक, त्यामुळे दिवसभराच्या वेचणीत वजन फार भरत नाही, आणि तिचा दर चढा राहण्याचे हेही एक कारण आहे.

कलिंगड तोडल्यावर गोड होत नाही. त्यामुळे पक्वता वेलावरच ओळखावी लागते. देठाजवळची बाळी (वेलाचा गुंडाळलेला तंतू) सुकलेली असणे, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर होणे आणि थापटल्यावर टणटण न वाजता बदबद आवाज येणे, या तीन खुणा एकत्र पाहतात. एकट्या आवाजावर विसंबणारा हमखास फसतो. तोडणीच्या आठवडाभर आधी पाणी कमी करतात. ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिल्यास फळ तडकते. फळ ओढून न काढता दोन इंच देठ राखून कापतात. वळवाचा पाऊस झाल्यास ओल्या मातीवर टेकलेली बाजू कुजू लागते, सगळेच घाईने तोडणी करतात आणि दर पडतो. टोमॅटोची अडचण वेगळी आहे. तापमान सातत्याने ३०-३२ अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगी राहते. त्यामुळे लांबच्या बाजारासाठी तो रंग धरू लागताच तोडून सावलीत पिकू देणे सोयीचे ठरते.

तोडणी उन्हे चढण्यापूर्वी किंवा उन्हे कलल्यावर करतात. माल सावलीत पसरून त्यातील उष्णता निघाल्यावरच क्रेट भरतात. वांग्यावर पाण्याचा हबका मारलेला चालतो, भेंडीवर नाही. ओली भेंडी रात्रीत चिकट होते.

विक्री : घाऊक माल श्री शाहू मार्केट यार्डात येतो. फळभाज्यांचा दर दहा किलोला, मेथी-कोथिंबिरीचा शेकडा पेंढ्यांवर बोलतात. प्रतवारीत वरचा थर चांगला लावून खाली निबर माल घालण्याचा प्रकार फार काळ चालत नाही. अडत्या क्रेट उलटून पाहतो आणि पुढच्या खेपेस त्या शेतकऱ्याच्या चांगल्या मालालाही कमी बोली लागते. विक्रीनंतर मिळणाऱ्या पट्टीवर वजन, दर व हमाली-तोलाईची कपात असते. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे-भाजीपाला बाजार आवाराबाहेरच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. थेट विक्रीला त्यामुळे कायद्याची आडकाठी उरली नाही. किरकोळ विक्री कपिलतीर्थ मंडई, लक्ष्मीपुरी आदी ठिकाणी होते.

राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा या डोंगरी भागांतून येणारी करवंदे, जांभळे व फणस यांचा व्यापार याहून निराळा आहे. करवंदे हिरवी असताना लोणच्यासाठी, काळी झाल्यावर खाण्यासाठी तोडतात. तोडताना निघणारा चीक हाताला चिकटतो, तेल लावल्यास सुटतो. ही विक्री बहुधा स्त्रिया पाटीतून वाटे लावून किंवा मापाने करतात.