वाळीत टाकण्याचा अधिकार: मॅस्टोडॉन ते ब्लूस्काय

नोव्हेंबर 2019 मध्ये हजारो भारतीयांनी ट्विटरला कंटाळून मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच दुसऱ्या सोशल नेटवर्कवर खाती उघडली. निमित्त झाले सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद होण्याचे. हॅम्बुर्गच्या गोदीतला 1936 चा एक प्रसिद्ध फोटो त्यांनी लावला होता. सगळा जमाव नाझी सलामी देतोय आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असा तो फोटो. ट्विटरच्या नियमांत तो द्वेष पसरवणारा ठरला. त्याच दिवसांत दलित-बहुजन लेखक आणि पत्रकार ट्विटरवर जातीय पक्षपाताचा आरोप करत होते. द्वेषाला विरोध करणाऱ्यांची तोंडे बंद होतात आणि द्वेष करणारे मोकाट राहतात, ही या सगळ्यांची तक्रार होती.

त्याच वर्षी, चार महिने आधी, मॅस्टोडॉनच्या दारात वेगळेच पाहुणे आले होते. अमेरिकेतल्या गॅब या साइटवर अतिउजव्यांचा राबता होता. ऑक्टोबर 2018 मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये 11 जणांना मारणारा बंदूकधारी तिथलाच सदस्य निघाला. त्यानंतर साइटला इंटरनेटवर जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीने गॅबला बाहेर काढले. जुलै 2019 मध्ये गॅबने मॅस्टोडॉनचाच कोड उचलून स्वतःचा सर्व्हर उभा केला. कोड मुक्त परवान्याचा, त्यामुळे अडवण्याचा प्रश्नच नव्हता.

मॅस्टोडॉन 2016 मध्ये युजेन रोच्को या जर्मनीतल्या तरुण प्रोग्रॅमरने सुरू केले. इथे मालक एक नाही. प्रत्येक सर्व्हर वेगळ्या माणसाचा किंवा गटाचा, नियम ज्याचे त्याचे. ईमेलसारखे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. या बोलण्याचे ॲक्टिव्हिटीपब हे मानक डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी 2018 मध्ये मंजूर केले. सर्वांवर चालेल असा हुकूम इथे कोणालाच काढता येत नाही. नको असलेल्या सर्व्हरशी व्यवहार तोडणे तेवढे हाती उरते.

आपल्याकडे याला वाळीत टाकणे म्हणतात. गॅबचे तेच झाले. एकामागून एक सर्व्हरांनी त्याला ब्लॉक केले, काही मोबाइल ॲपांनी तिथले लॉगिनच बंद केले. पुढच्या वर्षी गॅबने स्वतःच इतरांशी जोडणी काढून टाकली. गॅब चालूच राहिला, पण शेजार तुटला. बोलण्याचा हक्क शाबूत ठेवून ऐकण्याची सक्ती काढून घेण्याचा हा मार्ग मला मनापासून पटतो.

तरी 'वाळीत' हा शब्द मराठी माणसाला सहज उच्चारता येऊ नये. जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. सर्व्हर ब्लॉक झाला की तिथल्या निरुपद्रवी माणसांचेही नातेसंबंध तुटतात, चूक चालकाची असली तरी. गावात वाळीत पडलेल्याला जायला जागा नसते. इथे खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते, फॉलोअर सोबत येतात, मात्र जुन्या पोस्ट मागेच राहतात.

हा पेच गॅबच्याही आधीचा. एप्रिल 2017 मध्ये जपानच्या पिक्सिव्ह कंपनीने पावू हा सर्व्हर काढला आणि तो बघता बघता सर्वांत मोठ्यांपैकी एक झाला. तिथे येणारी मुलांची लैंगिक रेखाचित्रे जपानच्या कायद्यात बसत होती, युरोपातल्या अनेक देशांत तो गुन्हा होता. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे चित्र आपल्या सर्व्हरवर आपोआप साठते, म्हणून जर्मनीतल्या चालकावरही जोखीम. मोठ्या सर्व्हरांनी पावूच्या चित्रांना दार लावले.

वाढ इथे हळूहळू होत नाही. दुसरीकडचे घर जळाले की लोंढा येतो. ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतले आणि दोन महिन्यांत मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय सदस्य 25 लाखांच्या आसपास गेले. नोकरी सांभाळून, स्वतःच्या खिशातून सर्व्हर चालवणाऱ्यांच्या पुढ्यात रात्रीतून तक्रारींचा ढीग पडला. त्यांतली शिवी मराठीत किंवा हिंदीत, जातीवरून दिलेली असेल, तर बर्लिनमधल्या स्वयंसेवकाने ती ओळखायची कशी? ही उणीव मला सर्वांत जास्त बोचते.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच आणखी एका नेटवर्कची मूळ कल्पना 2019 च्या डिसेंबरात ट्विटरच्याच जॅक डॉर्सी यांनी मांडली. तिथे दुसरी वाट निवडली गेली. मुख्य मॉडरेशन, म्हणजे तक्रारी तपासून काय ठेवायचे ते ठरवणे, कंपनीच्या पगारी माणसांकडे, आणि त्यावर कोणालाही पोस्टना स्वतःची लेबले लावण्याची सोय. 2024 मध्ये सदस्य सुमारे 29 लाखांवरून 2 कोटी 59 लाखांवर गेले, म्हणजे नऊपट. तक्रारी मात्र 3 लाख 58 हजारांवरून 64 लाख 80 हजारांवर, जवळपास अठरापट. कंपनीला मॉडरेटरांची संख्या शंभरच्या घरात न्यावी लागली.

एप्रिल 2025 मध्ये तुर्कस्तानच्या मागणीवरून ब्लूस्कायने काही खाती त्या देशापुरती झाकली. झाकले ते कंपनीच्या ॲपमध्ये. त्याच नेटवर्कवर चालणाऱ्या इतरांच्या ॲपांतून ती खाती तुर्कस्तानातही वाचता येत होती.