स्वेच्छानिवृत्ती योजना (बेळगाव सीमाभाग)

मनुष्यबळ कमी करण्यासाठी मालकाने ठरावीक मुदतीत जादा रक्कम देऊ करून कामगारांकडून निवृत्तीचे अर्ज मागवण्याची पद्धत. बोलीभाषेत ‘व्हीआरएस’. सरकारी नोकर ठरावीक सेवेनंतर आपणहून घेतो ती निवृत्ती यात मोडत नाही.

उगमाबद्दल मतभेद आहेत. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रम विभागाने ऑक्टोबर 1988 मध्ये काढलेली मार्गदर्शक सूत्रे ही सुरुवात, असे सामान्यतः मानतात. मात्र सार्वजनिक कंपन्यांतील अशा रकमेला आयकरात सूट 1987 च्या वित्त अधिनियमानेच मिळाली होती. त्याअर्थी योजना त्याआधीपासून चालू असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. खासगी कंपन्यांना ही सूट 1990 नंतरच्या दशकात लागू झाली.

मालक ही वाट का धरतो, याचे उत्तर कायद्याच्या व्याख्येत आहे. औद्योगिक विवाद कायदा, 1947 नुसार कामगाराने स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती ‘कपात’ (मालकाने कामगाराला कामावरून कमी करणे) ठरत नव्हती, त्याच्या जागी आलेल्या संहितेतही ठरत नाही. कपातीला नोटीस, दर वर्षाच्या सेवेमागे 15 दिवसांची सरासरी मजुरी आणि मोठ्या कारखान्यांत सरकारची पूर्वपरवानगी लागते. परवानगीसाठीची कामगारसंख्या त्या कायद्यात 100 होती, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 300 आहे. संहितेतील पुनर्कौशल्य निधीचे (नवे कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीचे) 15 दिवसांचे वेतनही कपात झालेल्यालाच मिळते.

रकमेचे रूढ सूत्र ‘गुजरात पद्धती’चे : सेवेच्या झालेल्या दर वर्षाला 35 दिवसांचा पगार, निवृत्तीच्या वयापर्यंत उरलेल्या दर वर्षाला 25 दिवसांचा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये, सेवा 22 वर्षे, शिल्लक 8 वर्षे असल्यास 770 अधिक 200, म्हणजे 970 दिवस होतात. महिना 26 दिवसांचा धरला तर 9,70,000 रुपये. 30 चा धरला तर सुमारे 8,40,667. योजनेच्या कागदात भाजक (महिना किती दिवसांचा धरायचा तो आकडा) लिहिलेला नसेल, तर एवढ्या एका आकड्यावर सव्वा लाखाहून अधिक रक्कम हातची जाते. ग्रॅच्युइटी (येथे 26,000 × 15/26 × 22 = 3,30,000) आणि रजेचा पगार हे कामगाराच्या हक्काचेच असतात. ते ‘पॅकेज’मध्ये मिळवून आकडा फुगवलेला असतो, अर्ज करण्यापूर्वी तो सुटा करून मागावा. पतसंस्थेचे कर्ज याच हिशेबातून वळते होते. वय 50 ते 58 दरम्यान असल्यास भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन लवकर घेता येते, पण 58 ला जितकी वर्षे कमी तितके वर्षाला 4 टक्के घटून.

1961 च्या आयकर कायद्यातील सूट 5 लाखांपर्यंत, आयुष्यात एकदाच. अट अशी : 10 वर्षे सेवा किंवा 40 वर्षे वय, रिकामी जागा पुन्हा भरायची नाही, आणि निवृत्ताला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या संस्थेत घ्यायचे नाही. फाउंड्री एका नावाने आणि मशीन शॉप दुसऱ्या नावाने असेल, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेजारच्या शेडमध्ये परत कामाला लागणे म्हणजे सूट धोक्यात घालणे. मालकाला हा खर्च पाच वर्षांत, दरवर्षी एक पंचमांश, वजा करता येतो.

अर्ज मागे घेता येतो का, हा प्रश्न बँकांच्या 2000 च्या योजनांवरून सर्वोच्च न्यायालयात गेला. बँक ऑफ इंडिया विरुद्ध स्वर्णकार (2002) निकालानुसार योजना हे फक्त आमंत्रण असते, कामगाराचा अर्ज हा प्रस्ताव. मालकाने तो स्वीकारेपर्यंत मागे घेता येतो. योजनेची रक्कम उचलली की ही वाट बंद होते. निवृत्तीनंतर मागील तारखेपासून पगारवाढ झाली तरी, योजनेत तशी तरतूद नसेल तर, फरक मागता येत नाही.

सीमाभागातली अडचण दुहेरी आहे. चंदगड-गडहिंग्लजचे कामगार बेळगावात आणि निपाणीकडचे कागलच्या वसाहतीत येतात-जातात. दाद कुठे मागायची हे कारखाना कोणत्या राज्यात आहे यावर ठरते, घरावर नाही. महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा कर्नाटकात लागू नाही. दुसरी अडचण भाषेची. स्थायी आदेश (कारखान्यातील नोकरीच्या अटींचे नियम) बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधन 1946 च्या कायद्याने घातले होते. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाला ते लागू नव्हते. न वाचता येणाऱ्या कन्नड किंवा इंग्रजी कागदावर सही करण्याआधी मराठी तर्जुमा मागणे, आणि अर्जाची पोच तारखेसह घेणे, एवढे तरी करावेच.

निपाणीच्या घरबसल्या विडी वळणाऱ्या बायका आणि फाउंड्रीतील ठेकेदारी कामगार यांच्यापर्यंत अशी योजना सहसा पोहोचत नाही, कारण मालकाच्या हजेरीपटावर त्यांचे नावच नसते.