ताबो

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यातले, स्पिती नदीकाठचे छोटे गाव. उंची सुमारे ३,२८० मीटर. स्पितीचे मुख्य ठिकाण असलेल्या काझापासून अंतर ४७ किमी. पावसाळी ढग अलीकडच्या डोंगररांगांतच रिते होत असल्याने गाव वाळवंटी आहे. शेती चालते ती वितळत्या बर्फाच्या पाण्यावर. हे पाणी ‘कुल’ नावाच्या पाटांनी येते आणि पाळीपाळीने जव, वाटाणा व सफरचंदाच्या बागांना दिले जाते. हिवाळ्यात बर्फ कमी पडले, की ऐन पेरणीतच पाटाला पाणी अपुरे पडते.

येथील विहार इ.स. ९९६ मध्ये पश्चिम तिबेटातील गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने स्थापन केला. १०४२ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला. मुख्य मंदिराच्या भिंतींवर वज्रधातू मंडलातील (बौद्ध देवतांच्या ठरावीक मांडणीतील) ३२ मृण्मूर्ती माणसाच्या उंचीपेक्षा वर बसवल्या आहेत. मध्यभागी या मंडलाचा प्रमुख बुद्ध, चतुर्मुख वैरोचन आहे. भित्तिचित्रांमुळे ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात, पण अजिंठ्याच्या पाठीशी कातळ आहे. ताबोत भिंत, गिलावा, मूर्ती, छप्पर, सगळे मातीचेच. म्हणून त्याची निगा कितीतरी नाजूक आहे.

घरेही त्याच पद्धतीची. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर विलोच्या काटक्यांचा दाट थर, मग झुडपांचा पाला आणि शेवटी चोपलेली माती. मराठवाड्यातले माळवद पाहिलेल्याला ही रचना लगेच ओळखू येईल. बर्फ पडले की ते वितळायच्या आत फावड्याने खाली लोटावे लागते. राहिले तर पाणी मातीत मुरते आणि तुळई कुजते. गळती थांबवायला दरवेळी वरून नवी माती टाकणे हा सोपा पण घातक उपाय आहे: ओझे वाढते, तुळया वाकतात, मध्ये खोलगट भाग होतो आणि पाणी नेमके तिथेच साचते. आधी जुना थर खरवडून पन्हाळीकडे उतार नीट करून घ्यावा. रिमझिमीवर बेतलेल्या या छपरांना सलग पाऊस सोसत नाही. मंदिरात पाणी भिंतीतून ओघळले, की चित्रांवर मातकट ओघळ उमटतात आणि गिलावा सुटतो.

१९७५ च्या किन्नौर भूकंपात विहाराचे नुकसान झाले. त्यानंतर शेजारी नवे सभागृह उभे राहिले. १९८३ मध्ये दलाई लामांनी येथे कालचक्र या तांत्रिक बौद्ध साधनेची दीक्षा दिली. जुन्या मंदिरात छायाचित्रणाला मनाई आहे. आत उजेड फारच कमी असल्याने विजेरी बरोबर ठेवावी. भिंतीला मात्र पाठ किंवा पिशवी घासू देऊ नये.