रात्री मोजायचं अंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी बैठकीच्या खोलीत एक रीफ टँक, म्हणजे प्रवाळं पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात मी गॅलेक्सिया जातीचं प्रवाळ आणलं तेव्हा ते अगदी गरीब दिसत होतं. हिरवट चांदण्यांसारखे पॉलिप, म्हणजे वसाहतीतले इवले जीव. त्यांची शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतीचे बारीक बाहू, जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. शेजारच्या अकॅन कोरल नावाच्या लाल प्रवाळापासून चार बोटं जागा सोडली आणि तेवढी पुरेल असं धरून चाललो. पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी अकॅनच्या एका कडेचं मांसल आवरण गेलेलं दिसलं. खाली पांढराशुभ्र सांगाडा उघडा पडला होता. पाण्याच्या सगळ्या चाचण्या केल्या, त्यात काहीच वावगं निघालं नाही.

त्या रात्री दिवे मालवून दोन तास झाल्यावर लाल प्रकाशाची बॅटरी घेऊन टँकसमोर बसलो. गॅलेक्सियाच्या कडेच्या पॉलिपांतून सुतासारखे पारदर्शक धागे निघाले होते. एकेक धागा जवळजवळ वीतभर लांब, टोकाला खसखशीच्या दाण्याएवढा पांढुरका गोळा. पंपाच्या झोताबरोबर ते लहरत आणि दर झोताला एखाददुसरा अकॅनच्या त्या उघड्या कडेवर टेकून परत येई.

या धाग्यांना स्वीपर शुंडकं म्हणतात. नेहमीची शुंडकं भक्ष्य पकडण्यासाठी असतात, ही शेजाऱ्याशी लढण्यासाठी. टोकाच्या गोळ्यात दंशपेशी ठासून भरलेल्या असतात. दंशपेशीत दाबाखाली भरलेली इवलीशी कुपी असते. स्पर्श होताच आत गुंडाळलेली नळी उलटी होऊन बाहेर झेपावते आणि समोरच्याच्या अंगात विष सोडते. प्रवाळांचा गोड्या पाण्यातला नातेवाईक हायड्रा. त्याच्या दंशपेशीचं २००६ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण झालं, तेव्हा काटा सुटण्याची क्रिया अवघ्या ७०० नॅनोसेकंदांत उरकते असं दिसलं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी!

एवढं भांडण कशासाठी? जागेसाठी. आपल्याकडे शेतात बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात, तसंच हे. प्रवाळाच्या शरीरात राहणारं एकपेशीय शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. उजेडाची जागा गेली की हे अन्न तुटलं. अ‍ॅक्रोपोरासारखी भरभर वाढणारी प्रवाळं वरून फांद्या पसरून शेजाऱ्याला सावलीत टाकतात. सावकाश वाढणाऱ्यांना मग दुसरं हत्यार लागतं.

ते हत्यार १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्युडिथ लँग यांनी जमैकाच्या किनाऱ्यावर उलगडून दाखवलं. स्कोलिमिया नावाचं छोटं, मंद वाढीचं प्रवाळ शेजारी टेकला की पोटातले पाचक धागे शरीराबाहेर काढतं आणि शेजाऱ्याला त्याच्या जागीच पचवतं. हे सारं काही तासांत. मला या विषयातला सगळ्यात विलक्षण शोध मात्र पुढचा वाटतो. १९८० साली पनामातल्या प्रवाळांवरचं जेरार्ड वेलिंग्टन यांचं काम प्रसिद्ध झालं. पॅव्होना आणि पोसिलोपोरा शेजारी आले की आधी पॅव्होना पाचक धाग्यांनी पोसिलोपोराला खातं. पण काही आठवड्यांत जखमी पोसिलोपोराला स्वीपर फुटतात आणि बाजी उलटते. म्हणून ‘शेजारी ठेवले, आठवडा झाला, काही झालं नाही’ या अनुभवावर विसंबू नका. हत्यार तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो.

टँकमध्ये जागा ठरवताना मी आता दोनच गोष्टींवर भर देतो. पहिली, अंतर शुंडकांच्या रात्रीच्या लांबीवर धरायचं. गॅलेक्सियाभोवती मी हातभर नाही तरी दीड वीत मोकळी ठेवतो, टॉर्च कोरल नावाच्या प्रवाळाभोवती वीतभर. शिवाय वर्षभराच्या वाढीची जागा वेगळी. दुसरी गोष्ट प्रवाहाची, आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. स्वीपर स्वतः पोहत नाहीत, पाणी नेईल तिकडे जातात. एकाच दिशेने झोत असेल तर डंखणारं प्रवाळ सगळ्यांच्या खालच्या बाजूला, प्रवाहाच्या शेवटाला ठेवावं. वेव्हमेकर, म्हणजे लाटा उठवणारे पंप, आलटूनपालटून दोन्हीकडून चालत असतील तर दोन्ही बाजू धोक्यातच समजाव्या. अशा टँकमध्ये वाळूवर वेगळा दगड मांडून त्याला स्वतंत्र बेट देणं उत्तम.

काही शेजार जमतातही. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन ही प्रवाळं एकमेकांना टेकली तरी बहुधा सुखाने राहतात, पण त्यांच्यासारखंच दिसणारं टॉर्च दोघांनाही भाजतं. हौशी लोकांना हे अनुभवाने ठाऊक होतं. २०१७ साली शास्त्रज्ञांनी हॅमर आणि फ्रॉगस्पॉनला युफिलिया प्रजातीतून काढून फिंब्रियाफिलियात घातलं, टॉर्च युफिलियातच राहिलं. नात्याची ही रेषा आणि डंखाची रेषा अशी जुळलेली पाहून मला फार आनंद झाला होता.

मऊ प्रवाळांची लढाई दिसत नाही, कारण ती पाण्यात सोडलेल्या रसायनांनी चालते. तिथे अंतर उपयोगाचं नाही. फिल्टरमध्ये ही रसायनं शोषून घेणारा सक्रिय कोळसा ठेवावा आणि तो वेळेवर बदलावा.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे आपल्या समुद्रातून ती काढणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. मालवणच्या पाण्यात उतरून ती जागच्या जागी पाहता येतात आणि तिथेही दोन वसाहतींच्या मध्ये एखादा उघडा पांढरा पट्टा दिसला, तर तो अशा लढाईचा असू शकतो.

आमचं अकॅन वाचलं. दुसऱ्याच दिवशी त्याला मंद प्रवाहाच्या कोपऱ्यात हलवलं. उघड्या सांगाड्यावर शैवाल धरण्याआधी लाल आवरण कडेने पुढे सरकू लागलं आणि सहा महिन्यांत तो भाग जवळजवळ झाकला गेला. गॅलेक्सिया आता वाळूवरच्या त्याच्या बेटावर एकटं आहे. परवा रात्री पुन्हा बॅटरी घेऊन बसलो होतो. एकही लांब धागा दिसला नाही.