स्थाननिश्चिती, इमारतीतील

छताखाली असलेली व्यक्ती, उपकरण वा वस्तू नेमकी कुठे आहे हे बिनतारी संकेतांच्या आधारे ठरवण्याचे तंत्र. येथे उपग्रह अपुरे पडतात. जीपीएसचा संकेत मोकळ्या आकाशाखालीही सुमारे −१३० डीबीएम (संकेताच्या शक्तीचे एकक; आकडा जितका अधिक ऋण, तितका संकेत क्षीण) इतका क्षीण असतो. काँक्रीट व धातूतून आत येताना तो आणखी मंदावतो, आणि जो पोहोचतो तो बहुधा परावर्तित होऊन, लांबच्या वाटेने आलेला असतो. वापरणाऱ्याचे ठिकाण, वेळ, सोबतची माणसे व जवळची साधने पाहून आपले काम बदलणाऱ्या संदर्भसजग प्रणालींची मोठी भिस्त या तंत्रावर आहे.

आरंभ : तो कोठून धरावा याबाबत एकवाक्यता नाही. बहुतेक अभ्यासक केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेतील ‘ॲक्टिव्ह बॅज’ला (अंगावर लावायचा, आपली ओळख प्रसारित करणारा बिल्ला) पहिला मान देतात. रॉय वाँट, अँडी हॉपर व सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष उभारणी त्याच्या दोनतीन वर्षे आधीची असावी. दुसरा पक्ष १९९४ हे वर्ष धरतो. त्या वर्षी बिल शिलिट व मार्विन थायमर यांनी आणि पुढे डिसेंबरात शिलिट, नॉर्मन ॲडम्स व वाँट यांनी संदर्भसजग उपयोजनांची रीतसर मांडणी केली. या पक्षाचा आक्षेप असा, की बॅजच्या मूळ वापरात स्वागतकक्षातील व्यक्ती पडद्यावर सहकाऱ्याची खोली पाहून फोन स्वतः जोडून देई. यंत्र आपणहून काही करत नव्हते. आक्षेप वाजवी आहे, पण तो संदर्भसजगतेच्या व्याख्येपुरता लागू पडतो. माणसाचा माग इमारतभर सतत ठेवणारी प्रणाली बॅजनेच उभी केली, त्यामुळे स्थाननिश्चितीपुरता १९९२ चा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातील मार्क वायझर यांच्या सर्वव्यापी संगणनाच्या (संगणक भोवतालच्या वस्तूंत मिसळून जावेत या) कल्पनेला काही जण मूळ मानतात; ती प्रेरणा म्हणता येईल.

बॅजची रचना साधी होती. दर १५ सेकंदांनी, सुमारे एक दशांश सेकंदभर, तो आपला सांकेतिक क्रमांक अवरक्त किरणांतून प्रसारित करी. खोलीतील सेन्सर तो टिपत. दोन बॅज एकाच वेळी बोलू लागले तर टक्कर होई. परंतु सुट्या भागांच्या मूल्यांतील नैसर्गिक फरकामुळे त्यांची लय हळूहळू एकमेकींपासून सरके आणि टक्कर कायम राहत नसे. थेट ऊन व कपड्याआड गेलेला बॅज या नेहमीच्या अडचणी.

श्राव्यातीत पद्धती : यांत कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनीला पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंमी. जातो, त्यामुळे अंतर मोजणे सोपे होते. ‘ॲक्टिव्ह बॅट’ प्रणालीत ९५ टक्के मोजमापे ९ सेंमी.च्या आत आली, मात्र त्यासाठी छतभर ग्राहकांची जाळी लागली. हवेचे तापमान १० अंशांनी चुकीचे धरले, तर ५ मी. अंतरात तेवढाच, म्हणजे सुमारे ९ सेंमी.चा फरक पडतो.

वाय-फाय ठसे : प्रत्येक जागी निरनिराळ्या वाय-फाय केंद्रांचे संकेत किती प्रबळ येतात याची आधी केलेली नोंद म्हणजे त्या जागेचा ठसा; त्याच्याशी ताडून ठिकाण ओळखतात. परमवीर बहल व वेंकट पद्मनाभन यांच्या ‘रडार’ने (२०००) ही पद्धत रूढ केली. ४३.५ × २२.५ मी.च्या एका मजल्यावर तीन केंद्रे ठेवून ७० ठिकाणी, प्रत्येकी चार दिशांना तोंड करून, किमान २० नमुने घेतले गेले. चार दिशा यासाठी, की मानवी शरीरातील पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषते आणि पाठ फिरवताच आकडा बदलतो. नंतर नवा नमुना साठवलेल्या नमुन्यांशी ताडून सर्वांत जुळणाऱ्या काहींच्या ठिकाणांची सरासरी काढतात. मध्यक त्रुटी (निम्म्या वेळा चूक जिच्याहून कमी असते ती) २ ते ३ मी. आली.

प्रत्यक्षात ही पद्धत बिघडते ती बहुधा नोंदवहीत. ऐकू न आलेल्या ॲक्सेस पॉइंटच्या (वाय-फाय केंद्राच्या) जागी शून्य भरले, तर ० डीबीएम हा अतिप्रबळ संकेत ठरून सगळे गणित कोसळते. तेथे −१०० सारखे मूल्य भरावे. एकच पॉइंट अनेक नेटवर्क-नावांनी बोलतो, ते एकत्र न केल्यास त्याचे वजन फुगते. दोन फोनांचे वाचन एकाच जागी काही डेसिबलनी वेगळे येते, म्हणून निव्वळ मूल्यांऐवजी पॉइंटांमधील फरक साठवणे हिताचे. अँड्रॉइड ९ पासून समोर उघडे असलेले ॲपही दोन मिनिटांत चारच स्कॅन करू शकते. अर्ध्या मिनिटात चालता माणूस तीसेक मीटर पुढे गेलेला असतो. पॉइंट बदलले वा त्यांची शक्ती आपोआप कमीजास्त होत असली, तर सर्वेक्षण पुन्हा करावे लागते.

अचूकतेचे मीटरमधील आकडे येथे जपून वाचावेत. अवरक्त किरण भिंत ओलांडत नाहीत, त्यामुळे बॅज खोलीत नेमका कुठे आहे हे कळले नाही तरी खोली बहुधा बरोबर येई. रेडिओ लहरी भिंत ओलांडतात. दोन मीटरची त्रुटी माणसाला शेजारच्या खोलीत नेऊन ठेवते. संदर्भसजग प्रणालीला बहुतेकदा खोलीच हवी असते. म्हणून मध्यक त्रुटीबरोबर ‘खोली किती वेळा बरोबर आली’ हेही मोजावे. वाय-फाय प्रवासकाल व अतिविस्तृत पट्टा (यूडब्ल्यूबी) या, रेडिओ संकेताला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणाऱ्या पद्धतींत एका नॅनोसेकंदाची चूक ३० सेंमी. होते, भिंतीचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

खाजगीपणा : बॅज-प्रणालीत ठिकाण मध्यवर्ती संगणकाला कळते. एमआयटीच्या ‘क्रिकेट’मध्ये (२०००) छतावरील साधने प्रक्षेपण करतात व जवळचे उपकरण ऐकून स्वतःच आपली जागा काढते, ती कुणाला सांगायची हे वापरणाऱ्याच्या हाती राहते. साठवलेल्या नोंदींतून केवळ नावे पुसणे पुरेसे नाही. सुमारे १५ लाख मोबाइलधारकांच्या माहितीवरील २०१३ च्या अभ्यासात, ठिकाण व वेळेच्या चार नोंदींवरून ९५ टक्के व्यक्तींचे माग इतरांपासून वेगळे ओळखता आले.